संगणक न्यायवैद्यक: थेट पदवी घ्यावी की आधी कॉम्प्युटर इंजिनीअरिंग?

बारावी सायन्सनंतर सायबर गुन्ह्यांच्या तपासात जायचं असेल, तर गोव्यातल्या मुलांसमोर दोन वाटा आहेत आणि दोन्ही फोंडा तालुक्यातच सापडतात. कुर्टीला राष्ट्रीय न्यायवैद्यक (फॉरेन्सिक) विज्ञान विद्यापीठाचा कॅम्पस आहे, फर्मागुडीला गोवा अभियांत्रिकी महाविद्यालय. माझं मत आधीच सांगतो: बहुतेकांनी आधी कॉम्प्युटर पक्का करावा आणि फॉरेन्सिक एम.एस्सी.ला घ्यावं.

यामागचं कारण रोजच्या कामात आहे. जप्त केलेली हार्ड डिस्क तपासनीस थेट उघडत नाही. राइट ब्लॉकर (डिस्कवर काही लिहिलं जाऊ न देणारं उपकरण) लावून तो तिची बिट-न्-बिट प्रत काढतो आणि दोन्हींचा हॅश, म्हणजे डेटावरून गणिताने काढलेला ठसा, ताडून पाहतो. एसएचए-२५६ या पद्धतीचा हॅश म्हणजे ६४ अक्षरांची ओळ. डिस्कवरचा एक बिट बदलला तरी ती ओळ पार बदलते. इथवर पद्धत पाठ असली की भागतं. पण समोर एसएसडी, म्हणजे चिपवर डेटा ठेवणारी नवी डिस्क, आली तर? ट्रिम (कोणती जागा आता नको, हे ड्राइव्हला कळवणारी सोय) चालू असेल, तर पुसलेल्या फाइलची जागा ड्राइव्हचा कंट्रोलर स्वतःच साफ करतो. राइट ब्लॉकर लावलेला असला तरी, नुसती वीज मिळाली की हे काम आतल्या आत पुढे सरकू शकतं. परवा दिसलेला डेटा आज का नाही, हे बचाव पक्षाचा वकील विचारणारच. फाइल सिस्टिम आणि ऑपरेटिंग सिस्टिम मुळापासून शिकलेला माणूस याचं उत्तर देऊ शकतो. फक्त टूल चालवायला शिकलेला तिथे अडकतो.

फॉरेन्सिकच्या पदवीचं बळ दुसरीकडे आहे: पुरावा कोणाच्या हातून कोणाकडे गेला याची नोंद, अहवालाची भाषा, साक्ष. इंजिनीअरिंगला हे क्वचितच शिकवतात, आणि त्याचं मोल मोठं आहे. जालन्याच्या निवडणूक वादातून आलेल्या खोतकर खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली स्पष्ट केलं, की मूळ उपकरण हजर नसेल तर जुन्या पुरावा कायद्याच्या कलम ६५-ब खालच्या प्रमाणपत्राशिवाय इलेक्ट्रॉनिक पुरावा चालत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या (नव्या पुरावा कायद्याच्या) कलम ६३ मध्ये तर तज्ज्ञानेही प्रमाणपत्र भरायचं असून त्यात हॅश नोंदवायचा असतो. सात वर्षं किंवा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी जावं, अशी तरतूदही आता आहे. म्हणजे या विषयाची गरज वाढते आहे, यात मला शंका नाही.

पण गोवा लहान आहे. वेर्ण्याची राज्य प्रयोगशाळा आणि रायबंदरचं सायबर पोलीस ठाणं सोडलं, तर इथे सरकारी जागा मोजक्याच. बाकी काम बँका, ऑडिट कंपन्या आणि सुरक्षा कंपन्यांत, त्यासाठी बहुधा पुणे-बंगळूर गाठावं लागतं. इंजिनीअरिंगची पदवी असली की सरकारी जागेची जाहिरात निघेपर्यंत सॉफ्टवेअरची नोकरी धरता येते.

थेट फॉरेन्सिकला कोणी जावं? ज्याला कोर्ट, कागद आणि काटेकोर नोंदी मनापासून आवडतात त्याने. विद्यापीठाचा बी.टेक.-एम.टेक. सायबर सिक्युरिटीचा पाच वर्षांचा अभ्यासक्रम हा मधला मार्ग. मात्र कोणता अभ्यासक्रम कुठल्या कॅम्पसवर आहे, ते त्या वर्षीच्या माहितीपत्रकात बघून घ्या.

अर्ज भरण्याआधी एक करा. ऑटोप्सी हे डिस्क तपासायचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं. घरातल्या जुन्या पेनड्राइव्हची इमेज (बिट-न्-बिट प्रत) काढून त्यात उघडा, पुसलेले फोटो शोधा आणि प्रत्येक पायरी वेळेसह वहीत लिहा. फोटो शोधण्यात रमलात तर फर्मागुडी, वही लिहिण्यात रमलात तर कुर्टी.