सखी वन स्टॉप सेंटर: मुक्काम पाच दिवसांचा, म्हणून अर्ज पहिल्याच दिवशी

मारहाण झालेल्या बाईला पोलीस ठाणं, दवाखाना, वकील आणि रात्रीचं छप्पर यांसाठी दारोदार फिरावं लागू नये, म्हणून निर्भया निधीतून २०१५ साली ही केंद्रं सुरू झाली. आता ती मिशन शक्ती या केंद्र सरकारच्या महिला योजनेत मोडतात. १८१ या महिला हेल्पलाइनवर फोन करा किंवा थेट जा. जिवावर बेतलं असेल तर आधी ११२.

सेवा मोलाची आहे, यात शंका नाही. घोडं अडतं ते मुक्कामाच्या मुदतीवर. राहता येतं जास्तीत जास्त पाच दिवस. मुली कोणत्याही वयाच्या चालतात, मुलगे मात्र १२ वर्षांपर्यंतच. तेरा वर्षांच्या पोराला मागे ठेवून यायचं नाही म्हणून बाई मार खात घरातच राहते. हा नियम बदलायलाच हवा. तोवर मोठा मुलगा असेल तर फोनवरच सांगा, म्हणजे बाल कल्याण समितीमार्फत त्याची सोय लावता येते.

हे पाच दिवस बहुतेकदा समुपदेशनात आणि ‘मिटवून घ्या’मध्ये जातात. तसं होऊ देऊ नका. आल्या दिवशीच संरक्षण अधिकाऱ्याकडून डीआयआर, म्हणजे घरगुती हिंसाचाराच्या घटनांचा अहवाल, भरून घ्या: प्रत्येक घटनेची तारीख, जागा, कशाने मारलं, कोणी पाहिलं, आणि स्त्रीधनाची यादी. ‘नेहमी मारतो’ एवढंच लिहिलेला अहवाल कोर्टात टिकत नाही. २००५ च्या घरगुती हिंसाचारविरोधी कायद्यातल्या कलम १२ चा कोर्टातला अर्ज आणि कलम २३ ची अंतरिम (निकाल लागेपर्यंतच्या आदेशाची) मागणी प्रतिज्ञापत्रासह एकत्रच द्या. पहिली तारीख साधारण तीन दिवसांत लागावी, असं कायदा सांगतो. निकाल ६० दिवसांत लावायचा प्रयत्न व्हावा असंही त्यात आहे, पण प्रत्यक्षात लांबतं; म्हणून अंतरिम आदेशावर जोर हवा.

त्याच कायद्यातलं कलम १९ नीट वापरा. घर तुमच्या नावावर नसलं तरी तिथे राहण्याचा हक्क मागता येतो. सासऱ्याच्या नावावरच्या घराबाबतही सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये हे मान्य केलं. नवऱ्याला घराबाहेर काढण्याचा आदेश होऊ शकतो, सासूला नाही. सासू त्याच घरात असेल आणि तिचाही जाच असेल, तर पर्यायी घर किंवा भाडं मागा. वकील जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत मिळतो. बाईला त्यासाठी उत्पन्नाचा दाखला लागत नाही.

आदेश मिळायची चिन्हं नसतील, तर तिसऱ्या दिवशीच शक्ती सदन या सरकारी योजनेतल्या निवारागृहात जागा मागा. डीआयआर नाही म्हणून निवारागृहाला बाईला परत पाठवता येत नाही.

सरकारं केंद्रांचे आकडे सांगतात; सहाव्या दिवशी बाई कुठे गेली, हे विचारलं पाहिजे. आदेशाची प्रत कोर्टाकडून मोफत मिळते आणि पोलीस ठाण्यालाही जाते. संरक्षण आदेश मोडल्यास एक वर्षापर्यंत कैद, २०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. प्रतीची एक झेरॉक्स शेजारच्या विश्वासू घरात ठेवून द्या.