यंत्र झकास, कनेक्टर भंगार

आमच्या छोट्या पोटेन्शिओस्टॅटची (इलेक्ट्रोडला व्होल्टेज देऊन करंट मोजणारं यंत्र) वॉरंटी संपली आणि आठवडाभरात कनेक्टर गेला, म्हणून हे लिहितेय. पोटेन्शिओस्टॅटचं माहितीपत्रक सगळ्यांनी पाहिलेलंच असतं, ते पुन्हा उगाळत नाही.

आमचं काम इम्पीडन्सवर, म्हणजे एसी प्रवाहाला होणारा विरोध वेगवेगळ्या फ्रिक्वेन्सीला मोजायचा. स्क्रीन-प्रिंटेड कार्बन स्ट्रिपवर ईडीसी-एनएचएस या जोडणाऱ्या रसायनांनी अँटीबॉडी बसवायची, मोकळ्या जागा बीएसए या प्रथिनाने बुजवायच्या, अँटीबॉडीला चिकटणारं अँटिजेन सोडायचं आणि फेरी-फेरोसायनाइडच्या द्रावणात आलेखातलं अर्धवर्तुळ किती फुगलं ते बघायचं. प्रथिनांचा थर वाढला की इलेक्ट्रॉनची वाट अडते, आरसीटी (त्या वाटेतला रोध, म्हणजेच अर्धवर्तुळाची रुंदी) वाढतो. एवढं हे छोटं यंत्र चोख करतं.

पण तो कनेक्टर! स्ट्रिप खोचायच्या जागी इतक्या नाजूक पत्त्या, की रोजच्या वापराने सैल होणारच. मग 0.1 हर्ट्झपाशी, जिथे एका आवर्तनालाच 10 सेकंद लागतात, बिंदू कुठल्या कुठे. ओळखायची खूण अशी: अर्धवर्तुळ आहे तेवढंच राहून अख्खं उजवीकडे सरकलं, तर आधी पत्ती तपासा. नवी पोरं त्यालाच सिग्नल समजून पेढे वाटायला निघतात.

सर्व्हिसवाले म्हणतात, सुटा कनेक्टर मिळत नाही, केबलसकट संच घ्या. भाव ऐकून फोन ठेवला आणि नागपुरातल्या बर्डीवरच्या मोबाईल दुरुस्तीवाल्याकडे गेले. "मॅडम, पत्ती बसली हाये फक्त," म्हणत त्याने चिमट्याने उचलून दिली. चहापाण्याच्या पैशात काम झालं. अर्थात, ती पुन्हा बसेलच.

यंत्रातली बॅटरी मात्र घेताना मला निव्वळ नखरा वाटली होती. मे महिन्यात एका दुपारी लाईट गेली, लॅपटॉपही बॅटरीवर आला, आणि सकाळपासून छळणारी, विजेच्या लाइनमधून येणारी 50 हर्ट्झची खरखर गायब! आता लाईट असली तरी आम्ही चार्जर काढूनच मोजतो. या एका गोष्टीसाठी यंत्राला बरेच गुन्हे माफ.

उन्हाळ्याचं तेवढं सांभाळा. पारा 45 ला टेकला की स्ट्रिपवरचा थेंब बघता बघता आटतो, क्षार घट्ट होतो. शिवाय गरमीने आरसीटी आपसूक उतरतो, म्हणजे अँटिजेन चिकटल्याने झालेली वाढ त्यातच झाकली जाते. कूलरचा झोत थेंबावर नको. अँटिजेन मुरेपर्यंत ओला टिश्यू ठेवलेल्या पेट्री डिशमध्ये स्ट्रिप झाकून ठेवा. यंत्र तापमान नोंदवत नाही, ते वहीत आपणच लिहायचं.

घ्यायचंच असेल तर जादा कनेक्टर कोटेशनमध्येच लिहून घ्या. नंतर मागितला की संचाचाच भाव लावतात.