कॅप्सूलमध्ये उरणारी पावडर: ड्राय पावडर इनहेलर, आठ महिन्यांनंतर

पहिले दोन महिने मी या इनहेलरला नावं ठेवली. कारण एकच. ओढून झाल्यावर कॅप्सूल उजेडात धरली की आत पांढरी पावडर दिसायची, कधी कधी चांगली निम्मी. औषध काही फुकट येत नाही. ते दिवसातून दोनदा कचऱ्यात टाकताना जीव तुटायचा. इनहेलरचं बटण दाबलं की आतल्या कॅप्सूलला भोकं पडतात; ती मोठी पडावीत म्हणून मी बटण तीन-चारदा दाबू लागले, तर कॅप्सूलच फुटली आणि तिचा तुकडा जिभेवर आला. दुकानदाराशी वाद घालून इनहेलर बदलून घेतला. नव्यातही तेच. ग्राहक सेवेने फोनवर माहितीपत्रक वाचून दाखवलं, बस.

खोट सापडली ती तपासणीत. डॉक्टर म्हणाले, "माझ्यासमोर ओढून दाखवा." दाखवलं. "अहो, हे तर तुम्ही स्प्रेसारखं ओढताय!"

खरंच होतं. सहा वर्षं स्प्रे वापरला होता. त्यात औषध गॅसच्या दाबाने बाहेर येतं, म्हणून श्वास सावकाश घ्यायचा. इथे ढकलणारं कोणी नाही, पावडर उडवायची ती आपल्याच श्वासाने. औषधाचे कण साधारण १ ते ५ मायक्रॉनचे (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), इतके बारीक की एकमेकांना चिकटून बसतात. म्हणून त्यांना लॅक्टोजच्या मोठ्या दाण्यांवर बसवतात. ओढ जोरकस असली की औषध दाण्यांवरून सुटून खोल जातं आणि लॅक्टोज तोंडा-घशात राहतं. जिभेवरची गोडसर चव त्याचीच. ओढ मंद असली तर औषधही दाण्याला धरून घशातच बसतं. म्हणजे मी उरलेल्या पावडरीसाठी भांडत होते आणि जी बाहेर पडत होती तीही पुरती पोचत नव्हती! दोन महिने जिना चढताना लागलेली धाप आठवून वाईट वाटलं.

आता बटण एकदाच दाबते. इनहेलर तोंडापासून लांब धरून श्वास सोडते, कारण आत फुंकर गेली तर पावडर ओलसर होते. मग ओठ घट्ट मिटून पहिल्या क्षणापासून जोरात ओढायचं. हळू सुरुवात करून शेवटी जोर लावला तर उपयोग नाही, तोवर पावडर निघून गेलेली असते. आत कॅप्सूल भिरभिरल्याचा आवाज आला पाहिजे; नाही आला तर ती अडकली आहे. मग १० सेकंद श्वास रोखायचा. थोडी उरलीच तर तीच कॅप्सूल पुन्हा ओढते.

पाचव्या महिन्यात पावडर परत उरू लागली. या वेळी आवाज नीट येत होता, पण पावडर ओल्या पिठासारखी कॅप्सूलच्या आतून चिकटलेली. औषधात स्टेरॉइड असल्याने नंतर चूळ भरावी लागते, म्हणून सगळं बाथरूममध्येच ठेवत होते आणि आठवड्याच्या कॅप्सूल पाकिटातून आधीच काढून डबीत भरत होते. आंघोळीची वाफ त्यांना लागत होती. आता कॅप्सूल ऐनवेळी काढते. इनहेलर कपाटात असतो आणि पाण्याने न धुता कोरड्या कापडाने पुसते.

एक तक्रार मात्र कायम आहे. दम जोरात लागलेला असताना अशी ओढ घेणं कठीण जातं. डॉक्टरांनी तेवढ्यासाठी जुना स्प्रे आणि स्पेसर (स्प्रेला जोडायची पोकळ नळी) जवळ ठेवायला सांगितलंय. तो पर्समध्येच असतो.