फणसाखालची चिलटं बघायला घेतलेला स्टिरिओ मायक्रोस्कोप: एका पावसाळ्यानंतरचा रिव्ह्यू

आधीच सांगून टाकते, दोन-तीन मिलिमीटरच्या माश्या नीट बघायच्या असतील तर हा घ्याच. ७ ते ४५ पट झूम, दोन्ही डोळ्यांनी बघायचा, वरून आणि खालून एलईडी, अंबाल्याचा मेक, कुरिअर धरून वीस हजारांच्या आसपास पडला. याच पैशात ऑनलाइन '२००० पट' लिहिलेले मायक्रोस्कोप दिसतात आणि मोह होतो, पण ते काचपट्टीवरच्या पातळ वस्तूंसाठी असतात, अख्खी माशी त्याखाली ठेवली तर नुसता काळा डाग दिसतो. माशीसाठी आकडा नाही, लेन्स आणि वस्तूमधलं अंतर बघायचं. यात ते दहा सेंटीमीटरच्या जवळपास आहे, म्हणजे बघता बघता सुईने पंख सरळ करता येतो, पाय बाजूला घेता येतो, आणि खरं काम तिथेच असतं.

मी गुहागरकडे ज्युनिअर कॉलेजला बायॉलॉजी शिकवते आणि घरची वाडी आहे, त्यामुळे माल घरचाच. फणसाला कुयऱ्या धरायच्या वेळेला नर फुलोरे काळे पडतात, त्यांच्यावर बुरशी चढते आणि ते गळून खाली सडतात, त्यांच्याकडे कोणी ढुंकून बघत नाही. असा एक फुलोरा बरणीत घालायचा, तोंडाला मलमलचं फडकं बांधायचं आणि थांबायचं, काही दिवसांनी आत चिलटं फिरायला लागतात. नुसत्या डोळ्यांना सगळी एकच. मायक्रोस्कोपखाली मात्र लगेच वेगळी पडतात, लाल डोळ्यांची, मिशीच्या टोकाला फांद्या फुटलेला केस असलेली ती ड्रोसोफिलाच्या, म्हणजे पिकल्या फळांवर घोंगावणाऱ्या चिलटांच्या कुळातली, आणि मण्यांच्या माळेसारख्या मिशा, पंखात मोजक्याच शिरा, अंगाच्या मानाने लांबच लांब पाय ती मिजमाशी. आंब्याच्या मोहोरावर मिजमाशी पडते म्हणून बागायतदार जिला वैतागतात तिच्याच कुळातली ही. पंखांच्या मागे दुसऱ्या जोडीच्या जागी ज्या दोन बारीक गदा उरलेल्या असतात, उडताना तोल सांभाळणाऱ्या, त्यासुद्धा ४० पटीला स्वच्छ दिसतात. हे चित्र मुलांना फळ्यावर काढून दाखवणं आणि प्रत्यक्ष दाखवणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे हो.

आता फणसाचीच मिजमाशी का, तर २०१८ साली इलियट गार्डनर आणि त्यांच्या सोबतच्या संशोधकांनी फणसाच्या फुलोऱ्यावरची एक मिजमाशी नवीन प्रजाती म्हणून जगासमोर आणली, क्लिनोडिप्लोसिस अल्ट्राक्रेपिडाटा, आणि फणसाचं परागीभवन ती करते असं दाखवलं. तोवर फणसाचं परागीभवन वाऱ्याने होतं की किड्यांनी यावरच वाद चालू होता! फणस मूळचा आपल्या पश्चिम घाटातला, आणि ही माशी नोंदली गेली फ्लोरिडातल्या लावलेल्या झाडांवरून. हे वाचल्यापासून मला आमच्या फणसाखाली बसवत नाही, सारखं वाटतं इथे कोण काम करत असेल? तीच माशी की दुसरीच कोणी, की चार-पाच प्रकारच्या मिळून? आपल्याकडे हे कोणीतरी नेटाने बघायला पाहिजे, आणि सुरुवात करायला एवढा मायक्रोस्कोप पुरतो.

पण सुरुवातच, हे नीट समजून घ्या. याखाली कुळ ओळखता येतं, सवय झाली की वेगळी वाटणारी माशी बाजूला काढता येते, पण 'नवीन प्रजाती' असं याच्या जोरावर नाही म्हणता येत. मिजमाशीच्या नराच्या मिशांवर बारीक धाग्यांची वेटोळी असतात आणि शेपटाकडे जननेंद्रियाचे चिमटे असतात, खरा फरक बऱ्याचदा तिथे. त्यासाठी माशी पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये ठेवून आतलं मांस विरघळवायचं, मग कॅनडा बाल्सममध्ये (झाडाचा पारदर्शक डिंकासारखा चीक) काचपट्टीवर बसवायची आणि ४०० पटीच्या साध्या कंपाउंड मायक्रोस्कोपखाली बघायची. तो बहुतेक कॉलेजांत असतोच, म्हणून दोन्ही मिळून काम होतं. शिवाय जवळच्या प्रजातींची जुनी वर्णनं सगळी काढून ताडून बघायची, आता डीएनएचा तुकडाही जुळवतात, आणि एक नमुना 'होलोटाइप', म्हणजे त्या नावाचा प्रमाण नमुना म्हणून ठरवून संग्रहालयात कायमचा ठेवायचा. १९९९ नंतर होलोटाइप किंवा तसे प्रमाण नमुने ठरवल्याशिवाय दिलेलं नवीन प्रजातीचं नाव धरलंच जात नाही. म्हणून वेगळं काही दिसलं तर माशी ७० टक्के अल्कोहोलमध्ये, सोबत पेन्सिलने लिहिलेली चिठ्ठी, गाव, तारीख, कुठल्या झाडावर (शाई अल्कोहोलमध्ये उतरते), आणि मग जाणकारांकडे. पुण्याला झूलॉजिकल सर्व्हेचं, म्हणजे देशातल्या प्राण्यांचा अभ्यास करणाऱ्या सरकारी संस्थेचं केंद्र आहे. डीएनएसाठी ठेवायची असेल तर अल्कोहोल ९५ टक्के लागतं. आणि हे सगळं आपल्या वाडीत, अभयारण्यातून परवानगीशिवाय काहीही उचलायचं नाही.

वर्णन छापून आलं म्हणजे विषय संपला असंही नसतं. आंबावाल्यांना हे जवळचं उदाहरण, फळमाशी. दापोलीच्या कृषी विद्यापीठाचा रक्षक सापळा, नर फळमाश्यांना वासाने ओढणारा, बागेत लावलेला असतो ना, त्यात अडकलेले नर याच्याखाली बघा, पिवळे पट्टे आणि पोटावरची टी आकाराची खूण काय सुंदर दिसते. ही बहुधा बॅक्ट्रोसेरा डॉर्सॅलिस, १९१२ पासून नोंदलेली. २००५ साली आफ्रिकेत धुमाकूळ घालणारी फळमाशी वेगळी प्रजाती म्हणून वर्णन केली, इन्व्हेडन्स नावाने, आणि २०१५ साली आकार, डीएनए, संकर सगळं तपासून ती डॉर्सॅलिसच आहे असं ठरलं. मधली दहा वर्षं वेगळ्या नावाची कीड म्हणून क्वारंटाइनच्या, म्हणजे परदेशातून येऊ द्यायची नाही अशा किडींच्या यादीत, म्हणजे फळ एक्स्पोर्ट करणाऱ्याच्या पोटावर पाय. इतक्या बारक्या फरकांवर एवढं अवलंबून असतं म्हणून बघणाऱ्याचं साधन चांगलं हवं असं मी पोटतिडकीने म्हणते.

आता वस्तूचे गुणदोष. वरचा एलईडी फार चरचरीत आहे, चकचकीत माशीवर पांढरे ठिपके येतात आणि केस दिसत नाहीत. ट्रेसिंग पेपरची नळी करून माशीभोवती उभी करा, लगेच फरक पडतो. खालचा उजेड पंखांच्या शिरांसाठी उत्तम. सोबत काळी-पांढरी प्लेट येते, तिची काळी बाजू वर ठेवून वरचा उजेड तिरका टाकलात तर बिनरंगी वाटणाऱ्या पंखावर हिरवे-जांभळे पट्टे उमटतात, बऱ्याच प्रजातींत ते ठरावीक असतात. हे एकदा बघाच. फोकसची चाकी पहिल्या महिन्यात ढिली पडली, विक्रेत्याने व्हिडिओ कॉलवर घट्ट करायची पद्धत दाखवली, तेवढी सर्व्हिस चांगली. बुरशीला मात्र वॉरंटी नाही असं नंतर सांगितलं, आणि आपल्याकडे खरा शत्रू तोच. जूनपासून लेन्सवर जाळं धरायला वेळ लागत नाही. मी मायक्रोस्कोप कधीच नुसत्या प्लास्टिकच्या कव्हरखाली ठेवत नाही, घट्ट झाकणाचा मोठा डबा, आत निळं सिलिका जेल, गुलाबी झालं की तव्यावर मंद आचेवर भाजून परत आत. असा पूर्ण पावसाळा काढलाय, लेन्स स्वच्छ आहे.

पाचपैकी चार स्टार, एक त्या वरच्या उजेडाचा आणि ढिल्या चाकीचा कापला. कॅमेऱ्याची तिसरी नळी असलेलं मॉडेल थोडं महाग आहे पण जमत असेल तर तेच घ्या, जाणकाराला फोटो पाठवायचा असतो तेव्हा मोबाइल डोळ्याच्या नळीला धरून हात भरून येतो. आणि ऑर्डर देताना अॅडॉप्टर जादा मागवून ठेवा, आमच्याकडे पावसात लाइट जाते-येते त्यात पहिला तोच उडतो.