देवपुरातला गोधडी-क्रोशाचा वर्ग: शिकवणं उत्तम, जिना वाईट

साठीच्या पुढच्यांसाठी म्हणून जे विकलं जातं त्यात निम्मं सामान बालवाडीचं असतं. दिवाळीत सूनबाईंनी ऑनलाइन मागवलेला 'ज्येष्ठांसाठी कला संच' त्यातलाच. छापील मोर, स्केचपेनं आणि चिकटवायच्या टिकल्या. मोर रंगवला, विषय संपला. त्यांनी मायेनं मागवला, त्याबद्दल बोलणं नाही. पण मी एसटीच्या वर्कशॉपला फिटर होतो. जे काम बिघडूच शकत नाही त्यात माझं डोकं रमत नाही.

म्हणून धुळ्याच्या देवपुरातल्या या वर्गाला नाव घातलं. खाली दोरे, लेस, अस्तर, लोकर विकणारं दुकान आणि वर माडीवर वर्ग. आठवड्यातून तीन दिवस, दुपारी साडेतीन ते साडेपाच. फी महिन्याला सातशे रुपये, सामान ज्याचं त्यानं आणायचं. आधी गोधडी, मग क्रोशा. येणाऱ्या बहुतेक काकू-मावश्या, पुरुष आम्ही दोघंच. पहिल्या दिवशी थोडं हसू झालं, पण सुया हातात आल्यावर कुणाला वेळ उरला नाही.

वर्ग घेणाऱ्या ताई शिकवतात ते मात्र खरं शिकवणं आहे. गोधडी म्हणजे जुनी लुगडी एकावर एक टाकून टाके मारायचे, एवढंच मला वाटत होतं. त्यांनी आधी कपडा ताणून पाहायला लावला. विरलेलं पातळ मधल्या थरात, घट्ट विणीचं अस्तराला. मग सगळे थर टेबलावर पसरून कच्चे टाके घ्यायचे, तेही मधून सुरुवात करून कडांकडे. कडेकडून सुरू केलं की मधे झोळ राहतो आणि तो पुढे निघत नाही. हे मला लगेच पटलं, कारण इंजिनाच्या सिलिंडर हेडचे बोल्टही आम्ही मधूनच बाहेर कसत जायचो. कच्चे टाके झाले की धावदोरा उलटा, कडेपासून आत, चौकोनात चौकोन. कोपऱ्यावर वळताना सुई खालच्या अस्तरातून गेली की नाही ते डाव्या हाताच्या बोटानं चाचपायचं. माझे टाके सुरुवातीला वरच्या दोन थरांतच अडकत होते. शिरपूरकडच्या एक आजी शेजारी बसतात, त्यांनी बघितलं आणि म्हणाल्या, "आप्पा, हाई डोयास्नं नही, बोटंस्नं काम शे." म्हणजे हे डोळ्यांचं नाही, बोटांचं काम आहे. ताईंनी सांगितलेलं या एका वाक्यानं डोक्यात बसलं.

ताईंचा मोठा गुण म्हणजे चुकलेलं उसवायला लावतात. क्रोशात गोल रुमाल करताना एक खांब, म्हणजे उभा टाका, कमी पडला की पुढच्या फेरीत कड आत ओढली जाते आणि रुमालाची वाटी होते. दुसरी एखादी बाई "असू द्या हो काका, छान झालंय" म्हणाली असती. ताई म्हणतात, "आप्पा, मागच्या फेरीपर्यंत उसवा आणि मोजा." साखळी, मुका खांब, खांब, असे सगळे टाके तोंडानं मोजत करायचे. तासाभरात डोकं तापतं. वय झालं म्हणून सूट नाही, ही गोष्ट मला फार आवडली.

भिंतीवर मात्र एक कागद लावलाय: 'विणकाम करा, विस्मरण 100 टक्के थांबवा.' तो काढावा. नातवाला बसवून मी मूळ शोधून घेतलं. अमेरिकेत डॅलसला डेनिस पार्क या बाईंच्या गटानं केलेला प्रयोग आहे, 2014 मध्ये छापून आला. 60 ते 90 वयाची 221 माणसं. काहींना गोधडीसारखं क्विल्टिंग शिकवलं, काहींना डिजिटल फोटोग्राफी, काहींना दोन्ही. एका गटानं नुसत्या गप्पा, सहली आणि खेळ केले, एकानं घरी बसून माहितीपट पाहिले, शब्दकोडी सोडवली. तीन महिन्यांनंतर नवीन कला शिकलेल्यांची आठवणीची चाचणी बाकीच्यांपेक्षा सुधारली, फोटोग्राफीवाल्यांत फरक जास्त ठळक. विस्मरणाचा आजार थांबतो असं त्यात कुठेही नाही. शिवाय त्या लोकांनी आठवड्याला 15 तासांच्या वर काम केलं होतं. आपला वर्ग सहा तासांचा. म्हणजे उरलेलं घरी करायला हवं, आणि ताई गृहपाठ देतात तो करायचा असतो, पिशवीत घालून फिरवायचा नसतो. हे मी आमच्यातल्या काहींना उद्देशून लिहितोय, त्यांना कळेल.

जाता जाता, फोटोग्राफीचा असा वर्ग धुळ्यात कुणी काढला तर पहिलं नाव माझं. शेजारी चाळीसगावला केकी मूस (1912–1989) होऊन गेले. वर्षानुवर्षं जवळजवळ घराबाहेर न पडता टेबलावर वस्तू मांडून त्यांनी फोटो काढले, त्याशिवाय चित्रं, शिल्पं केली. त्यांचं घर आता संग्रहालय आहे, बघून या.

आता खालच्या दुकानाबद्दल. माल चांगला आहे, पण गल्ल्यावरचा पोरगा प्रत्येकाला अॅक्रिलिक लोकर गळ्यात मारतो. धुळ्याच्या एप्रिल-मेच्या उन्हात घामाच्या हाताला ती चिकटते आणि सुईवरून सरकत नाही. सुती दोरा मागा. तो आत असतो, मागितल्याशिवाय काढत नाहीत. क्रोशाची सुई घेताना वीस रुपयांची बारीक स्टीलची घेऊ नका. नव्वदची, रबरी जाड मुठीची घ्या. बोटं आखडणाऱ्यांना मूठ जाड असली की पकडायला जोर कमी लागतो. माझ्याकडे आधीची बारीक होती, तिला सुती कापडाची पट्टी गुंडाळून दोऱ्यानं आवळली, तेही चालतं. गोधडीला अंगुस्तान, म्हणजे सुई टोचू नये म्हणून बोटात घालायची टोपी, हवंच.

उजेडाचं गणित दुकानवाल्यांना कुणीतरी समजावून सांगायला हवं. साठीच्या माणसाच्या डोळ्याच्या पडद्यापर्यंत विशीतल्याच्या साधारण एक तृतीयांश उजेड पोचतो. माडीवर ट्यूबलाइट दोनच, त्यातली एक फडफडते. खिडकीजवळच्या जागेसाठी आम्ही सव्वातीनलाच हजर असतो. काळ्या कपड्यावर काळा दोरा तर घरूनच टाळून जा.

आणि जिना. सरळसोट, अरुंद, एका बाजूला भिंत आणि दुसऱ्या बाजूला काही नाही. म्हाताऱ्यांचा वर्ग माडीवर ठेवायचा आणि जिन्याला कठडा लावायचा नाही, याला काय म्हणावं? संडासही खालीच. ताईंना बोललो, त्या म्हणाल्या जागा मालकाची आहे. मालक म्हणतो बघू. एक लोखंडी पाइप आणि चार क्लॅम्प, वेल्डर बोलावला तर अर्ध्या दिवसाचं काम आहे. साहित्य मी आणतो म्हटलं, त्यावरही बघूच. गुडघे दुखणाऱ्यांनी, चक्कर येणाऱ्यांनी तोपर्यंत या वर्गाला जाऊ नये असं मी स्पष्ट लिहितो, शिकवणं कितीही चांगलं असलं तरी.

ज्यांना जिना जमतो त्यांनी जरूर जावं. नुसत्या गप्पांसाठी जाणार असाल तर भाऊसाहेबांच्या ओट्यावर फुकट होतात, सातशे रुपये कशाला घालवता. नाव घालायचं तर आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, उरकल्यावर घाला. त्या आठवड्यात लेकी-सुना माहेरी येतात-जातात, निम्म्या बायका गैरहजर असतात आणि ताई नवीन काही सुरू करत नाहीत. पहिल्या दिवशी दोन जुनी सुती पातळं, धुवून वाळवलेली, आणि चष्मा.