सोळा वर्षांच्या सैनिकाची फाईल : ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय अभिलेखागाराची ऑनलाइन सेवा

पहिल्या महायुद्धात ऑस्ट्रेलियाकडून लढलेल्या एखाद्या तरुणाचा माग काढायचा असेल, तर सुरुवात नॅशनल आर्काइव्हज ऑफ ऑस्ट्रेलियाच्या संकेतस्थळापासूनच करावी. त्या युद्धासाठी उभारलेल्या ऑस्ट्रेलियन इम्पीरियल फोर्समध्ये चार लाखांहून अधिक जण भरती झाले होते. त्यांच्या सेवेच्या फायली तेथे पानोपानी, मूळ हस्ताक्षरासह आणि विनामूल्य वाचता येतात.

माझ्या दृष्टीने या सेवेचे खरे मोल भरतीच्या अर्जात आहे. नाव, जन्मगाव, वय, व्यवसाय, जवळचा नातेवाईक असे प्रश्न एकाखाली एक छापलेले असतात आणि शेवटी उमेदवाराची सही असते. पुढच्या पानावर डॉक्टरने नोंदवलेली उंची, वजन, छातीचे माप, डोळ्यांचा आणि केसांचा रंग एवढे वाचले की समोर माणूस उभा राहतो. या अर्जातील वयावर मात्र डोळे झाकून विश्वास ठेवू नये. एकवीस वर्षांखालील मुलाला पालकांची संमती लागत असे आणि अठराच्या आतल्यांना सैनिक म्हणून घेत नसत, म्हणून कित्येक मुलांनी वय वाढवून सांगितले. टास्मानियातील लॉन्सेस्टन येथे २६ फेब्रुवारी १८९९ रोजी जन्मलेला ॲलेक कॅम्पबेल जुलै १९१५ मध्ये असाच दोन वर्षे वाढवून १५व्या बटालियनसाठी भरती झाला.

सेवाकाळातील नोंदी वाचायला थोडा सराव लागतो. 'कॅज्युअल्टी फॉर्म' हे नाव पाहून दचकू नये. त्यात जखमा आणि मृत्यू यांच्याबरोबरच बदल्या, आजारपण, रुग्णालयातील मुक्काम यांच्याही नोंदी असतात. 'टी.ओ.एस.' म्हणजे पथकाच्या पटावर घेतले आणि 'आर.टी.ए.' म्हणजे ऑस्ट्रेलियाला परत पाठवले, एवढी दोन लघुरूपे कळली तरी बरीच वाट मोकळी होते. कारकुनाच्या घाईच्या अक्षरात काही शब्द लागत नाहीत, तेव्हा ऑस्ट्रेलियन वॉर मेमोरियलने ऑनलाइन ठेवलेल्या बटालियनच्या युद्ध-रोजनिश्या सोबत उघडून ठेवाव्यात.

सेवेची मर्यादा जाणवते ती शेवटच्या पानाशी. युद्धात मेलेल्यांच्या फायलींत घरी पाठवलेल्या सामानाचा, पदकांचा आणि स्मृतिफलकाचा पत्रव्यवहार असतो. तुर्कस्तानातील गॅलिपोलीच्या आघाडीवर विषमज्वर झालेला जेम्स मार्टिन २५ ऑक्टोबर १९१५ रोजी रुग्णालय-जहाजावर वारला, तेव्हा त्याला पंधरावे वर्षही पूर्ण झाले नव्हते. अशा मुलाच्या आईवडिलांकडे पुढे काय पोहोचले, हे शोधायची जागा म्हणजे हाच पत्रव्यवहार. जगून परतलेल्यांची युद्धकथा मात्र सेवामुक्तीपाशी थांबते. कॅम्पबेल गॅलिपोलीत जेमतेम सहा आठवडे होता. 'द किड' हे टोपणनाव त्याला होबार्टमधील प्रशिक्षणातच मिळाले होते. गॅलिपोलीत त्याने खंदकांपर्यंत दारूगोळा आणि पाणी वाहून नेले, तापाने चेहऱ्याच्या काही भागाला पक्षाघात झाला आणि सतराव्या वर्षी, १९१६ मध्ये, तो सेवामुक्त झाला. त्यानंतर तो आणखी शहाऐंशी वर्षे जगला! त्याने सुतारकाम केले, रेल्वे कामगारांच्या संघटनेचे नेतृत्व केले, पन्नाशीनंतर अर्थशास्त्राची पदवी घेतली आणि सिडनी ते होबार्ट नौकाशर्यतीत सहा वेळा भाग घेतला. १६ मे २००२ रोजी गॅलिपोलीत लढलेला अखेरचा हयात सैनिक म्हणून त्याचे निधन झाले आणि होबार्टमध्ये त्याला शासकीय इतमामात निरोप देण्यात आला. युद्धसेवेच्या फायलीकडून हे सारे मिळण्याची अपेक्षा धरणे रास्त नाही, पण केवळ तीच वाचून उठणाऱ्याच्या हाती सहा आठवड्यांचा सैनिक लागेल, माणूस नव्हे.

म्हणून माझी शिफारस अशी आहे : फाईल आधी पूर्ण वाचावी, जन्मगाव, व्यवसाय आणि जवळच्या नातेवाइकाचा पत्ता टिपून घ्यावा आणि मग तेच तपशील घेऊन ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या 'ट्रोव्ह' या ऑनलाइन संग्रहात त्या गावाची जुनी वृत्तपत्रे चाळावीत. तीही विनामूल्य आहेत.