संपलेली सवलत पुन्हा पडद्यावर: डिजिटल साइनेज अकरा महिने वापरल्यानंतर

गेल्या आठवड्यात वीस मिनिटं वीज गेली. परत आली तेव्हा दुकानात जाहिराती दाखवणाऱ्या चार पडद्यांपैकी तीन नीट सुरू झाले आणि चौथ्यावर दोन महिन्यांपूर्वी संपलेली सवलत झळकायला लागली. एका ग्राहकाने पडद्याकडे बोट दाखवून ती मागितली. मी दिली, कारण माझ्याच भिंतीवर लिहिलेलं मला नाकारता येत नव्हतं. अकरा महिन्यांत हे पाचव्यांदा झालं, म्हणून आजच लिहायला बसले.

मांडणी नेहमीचीच. चार पडदे, प्रत्येकामागे अँड्रॉइड बॉक्स (पडद्यावर मजकूर चालवणारा छोटा संगणक), मजकूर लावायला क्लाउडवरचं सॉफ्टवेअर आणि दर पडद्यामागे महिन्याचं भाडं. घेताना मी सगळा वेळ फोर-के, स्टोरेज आणि टेम्प्लेट यांची तुलना करण्यात घालवला. वीज जाऊन आल्यावर बॉक्सला वेळ कुठून कळते, हे ना मी विचारलं, ना विक्रेत्याने सांगितलं.

पहिल्या तीन वेळा सपोर्टचं उत्तर ठरलेलं: "मॅडम, नेट गेलं असेल, बॉक्स रिस्टार्ट करा." रिस्टार्ट केलं की चालायचं आणि तक्रार सुटली म्हणून बंद व्हायची. चौथ्यांदा मी रिस्टार्ट केलंच नाही. बॉक्सला माउस जोडला, सेटिंग्ज उघडल्या. तारीख होती १ जानेवारी १९७०.

मग सगळं उलगडलं. या बॉक्समध्ये बॅटरीवर चालणारं घड्याळच नाही. वीज गेली की वेळ पुसली जाते आणि ती इंटरनेटवरून पुन्हा घ्यावी लागते. बॉक्स अर्ध्या मिनिटात सुरू होतो, राउटरला दोन-तीन मिनिटं लागतात. बॉक्स वेळ मागतो, उत्तर येत नाही, तो घड्याळाची शून्य तारीख, म्हणजे १९७०, धरून बसतो. नंतर नेट आलं तरी सर्व्हरशी जोडणी होत नाही, कारण सर्व्हरची ओळख पटवणाऱ्या सुरक्षा प्रमाणपत्राची मुदत त्याच्या हिशेबाने अजून सुरूच झालेली नसते. मग तो स्वतःकडे साठवलेल्या यादीतून चालवतो. नव्या जाहिरातींना मी सुरुवातीची तारीख दिलेली, त्या त्याच्या लेखी अजून यायच्या आहेत. जुन्या सवलतीला फक्त शेवटची तारीख होती, म्हणून ती संपलेलीच नाही. एका नाण्याएवढ्या बॅटरीची बचत करून कंपनीने माझ्या ग्राहकांसमोर मला खोटं पाडलं, याचा राग अजून गेलेला नाही.

तारखेचा फोटो पाठवल्यावर तीन आठवड्यांनी कंपनीने तीन बॉक्स बदलून दिले, तेही फरकाची रक्कम घेऊन. चौथ्याची पूर्ण किंमत मागितली. ती मी दिली नाही.

सहाव्या महिन्यापर्यंत माझं मत होतं की सगळंच परत करावं. ते बदललं ते सॉफ्टवेअरमुळे. मध्ये पाच दिवस नेट बंद होतं, वीज मात्र होती. पडदे एकदाही थांबले नाहीत आणि नेट आल्यावर कोणती जाहिरात किती वेळा दिसली त्याची नोंद आपोआप सर्व्हरवर गेली. फोनवरून मजकूर बदलला की मिनिटाभरात पडद्यावर येतो. हे खरंच चांगलं आहे.

पडद्यांबद्दल थोडक्यात. तीन व्यावसायिक, एक घरगुती टीव्ही. तो मी पैसे वाचवायला काचेजवळ लावला आणि तो निर्णय चुकला. घरगुती टीव्हीचा उजेड साधारण ३०० निट्सच्या (उजेड मोजायचं एकक) आसपास असतो, उन्हासमोरच्या काचेत २००० च्या वर लागतो. दुपारी त्यावर समोरचा रस्ताच दिसायचा. शिवाय चार तास रिमोटला हात लागला नाही की तो आपणहून बंद व्हायचा, ती सेटिंग सापडायला दोन दिवस गेले. वॉरंटी कार्डावर व्यावसायिक वापर वगळलेला आहे, हे नंतर वाचलं. आता तो आतल्या बोळात आहे आणि तिथे छान दिसतो.

तुम्ही घेणार असाल तर डेमोला आलेल्या माणसासमोर बॉक्सची नेटची वायर काढा, प्लग काढा, दहा मिनिटं थांबा, मग फक्त प्लग लावा. तारीख बरोबर दिसली तरच पुढचं बोलणं करा.

त्या चौथ्या बॉक्ससाठी आता राउटरला छोटा यूपीएस लावला आहे, नव्या बॉक्सपेक्षा स्वस्तात. मुद्दाम दोनदा बॉक्सचा प्लग काढून पाहिला, दोन्ही वेळा तारीख बरोबर आली. प्रत्येक सवलतीला सुरुवातीचीही तारीख घालते, म्हणजे घड्याळ चुकलंच तर पडद्यावर नुसता लोगो राहतो. पुढच्या वर्षाचं भाडं परवा भरलं.